कोपऱ्यात लिहायची अट

२८ मे. निकाल लागून गेले, नवी बॅच अजून यायची आहे. या मधल्या दिवसांत क्लासच्या ऑफिसात मी आणि कूलर, दोघंच असतो. जुना कॉम्प्युटर मोडीत द्यायचा आहे. त्याआधी त्यातलं कामाचं तेवढं नव्यावर उतरवायचं: प्रश्नपत्रिका, उत्तरसूच्या, बॅचच्या याद्या. सकाळपासून तेच करते आहे. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्या कुणाला दिलं तर नको ते ठेवतील आणि हवं ते घालवतील. दुपारी एक फाईल चालते का म्हणून चालवून बघितली, तर पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ आली. मराठी त्या मशीनवर कधी नीट उमटलंच नाही. ओळ अशी होती: अजून लहान होतंय का?

हे वाक्य सरांचं. क्लासमध्ये शिक्षक पुष्कळ आले आणि गेले, पण नुसतं 'सर' म्हटलं की आमच्या नांदेडच्या शाखेत अजूनही एकच माणूस डोळ्यासमोर येतो. मागच्या थंडीत ते उदगीरला, मुलीच्या घरी वारले.

फळ्यावर गणित सोडवून झालं की सर शेवटच्या ओळीवर उजवा तळहात ठेवायचे. उत्तर झाकायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "अजून लहान होतंय का?" काही पोरं 'हो' म्हणायची, काही 'नाही', बाकीची घड्याळाकडे बघायची. सरांनी हात काढला की फळ्यावरचं उत्तर अर्धं पुसलेलं असायचं आणि अर्धं त्यांच्या तळव्यावर उलटं उमटलेलं. "बघा, माझ्या हातात हाय उत्तर." हा विनोद ते दर वर्षी करत आणि दर वर्षी नवी बॅच हसत असे. शिक्षकाला एवढी तरी सोय असतेच.

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'सरळरूप द्या'. सर कधी सरळ म्हणाले नाहीत, लहान म्हणाले. लांबलचक पदावली घ्यायची, कंस सोडवायचे, सारखं सारखं एकत्र करायचं, जाईल ते घालवायचं, आणि शेवटी जेवढं उरेल तेवढं लिहायचं. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी शाळेत हे केलंय आणि विसरलोय. सरांनी जन्मभर तेवढंच केलं.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते लातूरच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात, औशाच्या पुढच्या एका गावात. मी तेव्हा संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि घरांच्या मोजणीसाठी आम्हा विद्यार्थ्यांना रोजावर घेतलं होतं. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती. एका पत्र्याला काळा रंग देऊन फळा केलेला. वारा आला की पत्रा थरथरायचा आणि खडू ओळ सोडून जायचा. सर बीजगणितातले अवयव शिकवत होते. माझ्या फॉर्मवर शाळेच्या पटाचा रकाना होता, म्हणून मी हजेरी मागितली.

"हजेरी संक्रांतीनंतर," ते म्हणाले.

"रकाना भरावा लागतो, सर."

"समोर जेवढी दिसून राहिलीत तेवढी लिहा. नावं नका विचारू कुणाला."

मी डोकी मोजली, आकडा लिहिला. ते फळ्याकडे वळले आणि म्हणाले, "हां, कुठं होतो आपण? कंस."

सरांच्या घरातलं कोण कोण गेलं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं तरी विचारलं नाही. मुलगी तेवढी आजोळी होती म्हणून राहिली, हे कानावर आलेलं. भूकंपावर बोलणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. सर त्यांच्यातले नव्हते.

पुढं लातूरला क्लासचे दिवस आले. गल्लीगल्लीत होस्टेल, मेस आणि झेरॉक्स. किनवट, उमरी, उदगीरकडची पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन उतरायची आणि बोर्डाच्या निकालापर्यंत पुन्हा माणसात यायची नाहीत. मी ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवून कंटाळले होते, म्हणून एका क्लासच्या प्रश्नपत्रिका विभागात गेले. तिथं सर आधीच होते. शाळा सोडून आले होते. क्लासचे संचालक पत्र्याच्या शेडमधलेच त्यांचे विद्यार्थी. ते सरांना गुरुजी म्हणत, गुरुपौर्णिमेला सगळ्यांसमोर पाया पडत. एका गुरुपौर्णिमेला पाया पडून झाल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी सरांची बदली नांदेडच्या नव्या शाखेत केली. लातूरच्या पालकांना फाडफाड इंग्रजी बोलणारे तरुण शिक्षक हवे होते. प्रश्नपत्रिकेचं कामही नांदेडला हलवलं, म्हणून मीही गेले. बसमध्ये सर खिडकीशी बसले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "फळा कसा हाय ते बघून घेऊ आधी."

सरांची एक खोड होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आहे, म्हणून सांगते. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ते एक छोटी चौकट काढून ठेवत. अपूर्णांकाच्या वरच्या आणि खालच्या पदातून सारखं काही कापायची वेळ आली की आधी त्या चौकटीत लिहायचे, 'हे शून्य नसेल तर'. कारण शून्यानं भागता येत नाही. वर्गमूळ काढायची वेळ आली की चौकटीत लिहायचे, आतली संख्या धन की ऋण. मगच कापायचे. पोरांना एवढा दम नसतो.

"सर, ऑप्शनमध्ये अट न्हाई," मागून कुणीतरी ओरडायचं.

"ऑप्शनमध्ये नसंल. गणितात हाय."

"परीक्षेत टाइम कुठं असतो, सर?"

"टाइम घालव म्हणलं का मी? खडू घालव म्हणलं."

निकालाचं विश्लेषण मी आर नावाच्या भाषेत करत असे. संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. कुठला प्रश्न सोपा गेला, कुठला अवघड, कुठल्या प्रश्नाला हुशार पोरं चुकली, हे ती पटकन सांगते. एकदा सर पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "याला बीजगणित येतं का?" मी म्हटलं, थोडं येतं, डेरिव्हेटिव्ह काढतं. एक सोपी पदावली देऊन तिचं दोनदा डेरिव्हेटिव्ह काढून दाखवलं. उत्तर बरोबर आलं, पण शेवटी यंत्रानं लिहिलं होतं, गुणिले तीन गुणिले तीन.

सर वाकून बघत राहिले. "नऊ म्हणायला लाज वाटते का याला?"

"त्याला सांगितलं नाही, सर, की शेवटी आटपायचं."

"मग सांगू की. शाळेत घालू याला."

तेव्हापासून दुपारी पोरं मेसला गेली की सर खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायचे. बाहेर नांदेडचं ऊन. आत ते एकेक नियम सांगत आणि मी तो यंत्राला कळेल असा लिहून घेई. "शून्य मिळवलं तर तेच राहतं, लिहा. एकानं गुणलं तर तेच. शून्यानं गुणलं तर सगळं गेलं, लिहा." यंत्राला पदावली एखाद्या झाडासारखी दिसते. आधी खालच्या फांद्या बघायच्या, मग वरच्या. कुठला नियम बसला की तो लावायचा, पुन्हा पहिल्यापासून बघायचं. एकही नियम बसेना झाला की थांबायचं आणि सरांचं वाक्य दाखवायचं. ते वाक्य मीच घातलं, सरांना गंमत वाटावी म्हणून. प्रत्येक नियमाशेजारी मी एक रकाना ठेवला होता, अटीसाठी. तो सरांचा कोपरा. अट लिहिल्याशिवाय ते पुढचा नियम सांगत नसत.

एके दिवशी त्यांनी सामाईक अवयव बाहेर काढायचा नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी कंस सोडवायचा नियम सांगितला. मी दोन्ही लिहिले आणि चालवलं. यंत्र सामाईक अवयव बाहेर काढी, मग कंस सोडवी, मग परत अवयव बाहेर काढी. थांबेचना. कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा आवाज करायला लागला.

"आमच्या ग्रामपंचायतीवानी झालं की," सर म्हणाले. "एकजण रस्ता करतो, दुसरा नळासाठी खोदतो."

"मग लहान कुठलं धरायचं, सर? कंसातलं की सोडवलेलं?"

त्यांनी दोन्ही रूपं कागदावर खालीवर लिहून बघितली. मग म्हणाले, "पुढं कुठं जायचं हाय त्याच्यावर हाय. पण याला कुठं जायचंच न्हाई. तुम्ही अक्षरं मोजा. कमी अक्षरं ते लहान." तसं केलं आणि यंत्र थांबलं.

आमची छपाई रहीमभाई करत. पिढ्यान्‌पिढ्यांचे नांदेडचे, वजिराबादच्या गल्लीत त्यांची प्रेस. पेपरच्या आदल्या दिवशी उत्तरसूचीसाठी ते ऑफिसात येऊन बसायचे आणि सरांचं लहान करणं बघत राहायचे. "मॅडम, आमच्या मशीनचं तेल वाळून राहिलं. सरांचं अजून किती लहान व्हायचंय?" सर मान न उचलता म्हणत, "रहीमभाई, तुम्हाला मोठं छापायला आवडतं, मला लहान. भांडण कशाला?" मग दोघं चहा प्यायचे.

आता अवघड भाग. एका जानेवारीत उत्तरसूचीत एक उत्तर चुकलं. सरांनी काढलेलं. क्लासच्या धंद्यात उत्तरसूची चुकली तर काय करायचं हे ठरलेलं असतं: सूचनाफलकावर 'छपाईची चूक' असा कागद लावायचा. सगळे लावतात. आम्हीही लावला. रहीमभाईंनी काही म्हटलं नाही. पण संचालक लातूरहून आले आणि माझ्यासमोर सरांना हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमचं वय झालं. मी तुमच्याच फळ्यावर शिकलो. पण अजून एक चूक झाली, तर वर्ग आणि उत्तरसूची दोन्ही दुसऱ्याकडे द्यावी लागंल. पालक सोडत न्हाईत."

सर बरं म्हणाले. ते क्लासच्या मागच्या खोलीत राहत. सकाळी सातला वर्ग, दुपारी माझ्याकडे, संध्याकाळी परत वर्ग. त्या दिवशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, वर्ग गेला तर मी दिवसभर काय करावं, हे मला खरंच माहीत न्हाई." तक्रारीचा सूर नव्हता. एखादं गणित येत नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं.

मग मी ठरवलं की यापुढे सरांचं प्रत्येक उत्तर त्यांच्याच यंत्रातून काढून घ्यायचं. प्रश्न यंत्राला द्यायचा, ते लहान करेल, आणि त्यातून सरांचं उत्तर वजा करायचं. शून्य आलं तर छपाईला. शून्य नाही आलं तर सरांनी पुन्हा बघायचं. दोन-तीन वेळा यंत्रानं त्यांची चूक पकडली. सरांना राग आला नाही, उलट मजा वाटली. "पोरगं बापाला शिकवून राहिलं." तोवर ते स्वतःच एका बोटानं नियम लिहायला शिकले होते. मी एखाद्या कामाला लातूरला गेले तर परत येईपर्यंत त्यांनी नवा नियम घातलेला असायचा. सहा-आठ महिने एकही चूक बाहेर गेली नाही. मला वाटलं, झालं, आता चालेल हे.

सराव परीक्षेचा निकाल मी काढत होते तेव्हा एका प्रश्नापाशी थांबले. आर दाखवत होतं की वरच्या नंबरांची जवळजवळ सगळी पोरं त्या प्रश्नाला चुकली आहेत आणि ज्यांना एरवी काही येत नाही त्यांचं उत्तर बरोबर आहे. असं दिसलं की पोरांकडे बघायचं नसतं, उत्तरसूचीकडे बघायचं. प्रश्न साधा होता. एक्स तीनपेक्षा लहान आहे. एक्स वजा तीनचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. सरांचं उत्तर होतं, एक्स वजा तीन. आता एक्सला शून्य धरा. शून्य वजा तीन म्हणजे उणे तीन, त्याचा वर्ग नऊ, नवाचं वर्गमूळ तीन. उणे तीन नव्हे. म्हणजे उत्तर उलट, तीन वजा एक्स. हुशार पोरांनी तेच लिहिलं होतं. यंत्रानंही तपासून शून्य दाखवलं होतं, म्हणून ते छापायला गेलं. मी नियम उघडून बघितला. वर्गाचं वर्गमूळ म्हणजे तीच संख्या, असा नियम सरांनी स्वतः घातलेला. शेजारचा रकाना मोकळा.

मी सरांना रिकाम्या वर्गात गाठलं. काही सांगितलं नाही. प्रश्न वाचून दाखवला आणि म्हटलं, "एवढं जरा फळ्यावर करून दाखवा, सर."

त्यांनी सोडवलं. एक्स वजा तीन. तळहात ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून लहान होतंय का?"

"सर, कोपरा?"

त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. चौकट काढलेली होती, हात आपोआप काढत असणार. खडू घेऊन ते तिच्याशी गेले, वाकले आणि थांबले. बाहेर मेसवाल्याची सायकल येऊन गेली.

"मॅडम," ते म्हणाले, "इथं काय लिहितो मी?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, समजलं त्यांना, समजायला काहीच अडचण नव्हती. एक्सला शून्य धरून त्यांनी स्वतःच चूक काढली. मग पहिल्या बाकावर बसले आणि खडू बाकावर उभा करून ठेवला.

"मला माहीत हाय. मी दाखवून आलो डॉक्टरला," ते म्हणाले. "त्यानं मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी दोनपर्यंत नेऊन दिलं त्याला. म्हणलं, आता अजून वजा केलं तर ऋण येतंय, लिहू का? तो खूश झाला. मग म्हणला, आज वार कोणता?"

"मग?"

"ते न्हाई आलं."

अशा वेळी लोक खांद्यावर हात ठेवतात. मला ते जमत नाही. मी म्हटलं, "चहा आणते."

ऑफिसात रहीमभाई बसले होते. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. मी चहा गाळत असताना ते म्हणाले, "लिहा, मॅडम. छपाईची चूक. माझ्या नावावर लई चुका हायत, त्यात अजून एक. माझं काय जातंय?" त्यांनी कागदसुद्धा काढला होता. मीही पेन घेतलं. खोटं सांगत नाही, मला तोच रस्ता बरा वाटत होता. लातूरला कळलं नसतं, नियम मी दुरुस्त केला असता, सरांचा वर्ग राहिला असता.

सर दारात येऊन उभे होते. "रहीमभाई, तुमची मशीन कधी चुकली हो?"

"सर, तुम्ही त्यात पडू नका."

"मी त्यातच हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, नियम मी सांगितला. उत्तर मी काढलं. आणि माझ्याच नियमानं माझंच उत्तर तपासलं. हे तपासणं हाय का? आरशाला विचारणं झालं, मी बरा दिसून राहिलो का म्हणून. आज वर्गमूळ झालं. उद्या मला काय आठवत न्हाई, हे ना तुम्हाला कळंल, ना त्या यंत्राला. पोरांच्या पेपरात कळंल."

"अट मी घालते, सर. सगळे नियम पुन्हा बघते."

"बघा. पण दुसऱ्याकडून बघा."

संध्याकाळच्या वर्गात त्यांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. उभे राहून म्हणाले, "परवाच्या पेपरात वर्गमुळाच्या गणिताचं उत्तर चुकलं. छपाई बरोबर होती. चूक माझी. ज्यांनी तीन वजा एक्स लिहिलं, त्यांनी मार्क वाढवून घ्या."

"आणि ज्यांनी तुमचं उत्तर लिहिलं ते, सर?" एकजण म्हणाला.

"त्यांनी माझ्याजवळ येऊन बसावं."

पोरं हसली. त्यांना वाटलं, नेहमीचंच काहीतरी. सरांनी हसू थांबू दिलं आणि सांगितलं की उद्यापासून हा वर्ग दुसरे सर घेतील. तेव्हा कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "का, सर?" सर म्हणाले, "कारण मी सांगितलं की आता," आणि पहिल्या बाकावरच्या पोराला हजेरी घ्यायला लावली.

लातूरला बातमी मी कळवण्याआधीच पोचली होती. फोन आला तो मी टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गुरुजी, बोलायची काय गरज होती? छपाईची चूक म्हणून टाकायचं. सगळे म्हणतात."

"तू दोन्ही दुसऱ्याकडं देणार होतास. मीच दिलं. तुझं काम वाचलं."

मग संचालक म्हणाले, "वर्ग नका घेऊ. पण जाऊ नका. खुर्चीत बसून राहा. गेटवर तुमचा फोटो लावतो, मोठा. मार्गदर्शक म्हणून. तुमच्या नावावर पोरं येतात, गुरुजी."

"फोटोला गणित येत न्हाई रे," सर म्हणाले.

संचालकांनी फोटो लावलाच. पुढच्याच आठवड्यात गेटच्या कमानीवर फ्लेक्स चढला. सरांचा कुठल्यातरी लग्नातला फोटो कापून घेतलेला, गळ्यात हार तसाच. फेटा बांधलेल्या शेजाऱ्याचा खांदा अर्धा राहिला होता. खाली 'प्रवेश सुरू'. सर रोज सकाळी खोलीतून बाहेर येत, मान खाली घालून गेटमधून दूध आणायला जात. नवीन पालक त्यांना ओळखत आणि पोराला पुढे करून म्हणत, "पाया पड, हेच शिकवणार हायत तुला." सर म्हणत, "मी न्हाई." पालकांना तो मोठेपणा वाटे. आत येऊन ते माझ्याकडे सरांचीच बॅच मागत. मी तरुण सरांची बॅच देई. तरुण सर चांगले होते, त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. सगळे नियम त्यांनीच पुन्हा तपासून दिले.

मग उदगीरहून मुलीचा फोन आला की बाबांना इकडं पाठवा. सरांचं सामान एका बॅगेत मावलं. मी त्यांना स्कूटीवर स्टँडला नेलं. गेटमधून बाहेर पडताना त्यांनी वर बघितलं नाही.

उदगीरची बस लागलेली होती. मी कंडक्टरला मुलीचा नंबर दिला आणि सांगितलं की उदगीर येईपर्यंत यांना उतरू देऊ नका. सर खिडकीशी बसले. "ही उदगीरचीच ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. थोड्या वेळानं परत विचारलं. मी परत हो म्हटलं. ड्रायव्हर चढला तेव्हा त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. आता त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ होता, वर्गात असायचा तसा.

"मॅडम, एक काम सांगू?"

"सांगा."

"तेवढा फोटो उतरवा. पोरं तो बघून आत येतात आणि मला हुडकतात. आत मी न्हाई. हे बरोबर न्हाई."

"उतरवते."

"त्याला विचारत बसू नका. तो न्हाई म्हणंल."

"उद्या सकाळी उतरवते, सर."

ते बरं म्हणाले आणि बस निघाली. मी ऑफिसात परत आले. राहिलेल्या हॉल तिकिटांवर शिक्के मारले, रहीमभाईंना फोन करून शिडी मागितली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रहीमभाई टेम्पोत शिडी घालून आले. त्यांनी शिडी धरली आणि मी चढले, कारण त्यांचे गुडघे दुखतात. तारा पक्क्या पिळल्या होत्या, पक्कड लागली. फ्लेक्स खाली उतरवला, चेहरा आत करून गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि टेम्पोत ठेवला. कमानीवर नुसती लोखंडाची चौकट राहिली. सातच्या बॅचची पोरं यायला लागली होती. एकदोघांनी वर बघितलं.

साडेआठला लातूरहून फोन आला. फ्लेक्स कुणी काढला, असं संचालकांनी विचारलं. मी म्हटलं, मी काढला. ते म्हणाले, कुणाला विचारून?

म्हटलं, ज्यांचा फोटो होता त्यांना.